नानांची तारीख

"सोळाला लग्न, सतराला सत्यनारायण, अठराला पाहुणे हलतील," भाऊजी बोटांवर मोजत म्हणाले. "एकोणीसला मग काय ते करू."

"एकोणीसला पंचक लागतंय," वहिनी म्हणाल्या. कॅलेंडर त्यांच्या पर्समध्येच होतं, घडी घालून. "तेवीसपर्यंत आहे."

"मग चोवीस."

"चोवीस चालेल."

घराला रंग द्यायला माणूस कधी बोलवायचा, हे ठरवावं तसं चाललं होतं. आयसीयूच्या बाहेर स्टीलच्या जोडखुर्च्या होत्या. त्यांवर आम्ही चौघं ओळीनं बसलो होतो: माझे मोठे दीर श्रीनिवासभाऊजी, वहिनी, माझा नवरा निरंजन आणि पाच महिन्यांच्या रेवाला खांद्यावर टाकून मी. दाराच्या आत माझे सासरे नाना होते. घशात नळी, नळीला यंत्र. चोवीस तारीख त्यांच्या मरणाची होती. आज सहा होती.

सकाळीच मी डॉक्टरांशी बोलायचा विषय काढला, तेव्हा हेच भाऊजी म्हणाले होते, "शाल्मली, जन्ममरण देवाच्या हातात असतं गं. आपण कोण ठरवणारे?"

दुपारपर्यंत देवानं तो अधिकार वहिनींच्या कॅलेंडरकडे सोपवलेला दिसत होता.

नाना मिरजेला दुय्यम निबंधकाच्या कचेरीसमोर टेबल टाकून बसायचे. दस्तलेखक. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, मृत्युपत्रं लिहिण्यात चाळीस वर्षं गेली. अक्षर असं, की कोर्टातले लोक ते लांबून ओळखत. दोन वर्षांपूर्वी त्यांची फुप्फुसं सुकायला लागली. औषध नव्हतं. वर्षभर घरातच ऑक्सिजनचं यंत्र गुरगुरत होतं. मी बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून त्यांचं सगळं माझ्याकडे. "तू घरीच असतेस ना," हे वाक्य मला त्या महिन्यांत इतक्या वेळा ऐकायला मिळालं, की रेवाचा पहिला शब्दही तोच येईल अशी मला भीती होती.

एका दुपारी नानांनी मला हाक मारली आणि दोन कागद पुढ्यात ठेवले.

"वाच."

मी वाचलं. 'मी, गजानन विष्णू म्हसकर, वय वर्षे एक्याऐंशी, स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो की, माझी फुप्फुसे कायमची निकामी झाल्यावर मला यंत्रावर ठेवू नये. ठेवले असल्यास काढावे.' खाली दोन साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का. आणि मधे कुठेतरी: 'याबाबत निर्णयाचा अधिकार माझी धाकटी सून सौ. शाल्मली हिला राहील.'

"मला? अहो नाना, दोन मुलगे आहेत तुम्हाला."

"मुलगे माझे गुणी आहेत. पण सही करायच्या वेळी दोघंही पेन विसरतात." एवढं बोलून त्यांना धाप लागली. ती ओसरेपर्यंत ते माझ्याकडे मिश्कीलपणे बघत राहिले. "हजारभर मृत्युपत्रं लिहिली असतील बघ. मेल्यावर तांब्याचा हंडा कुणाचा, ते लिहून ठेवतात. मरायचं कसं, ते कुणी लिहीत नाही."

"मला नाही जमणार."

"तू बाळंतपणात किंचाळली नाहीस. मी बाहेर सिलिंडर घेऊन बसलो होतो, मला ठाऊक आहे. जमेल."

सासऱ्यानं सुनेशी असं बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. म्हणूनच मी हो म्हटलं.

आणि ज्या दिवशी जमायला हवं होतं, त्या दिवशी मी रेवाला लस टोचायला घेऊन गेले होते. नानांना धाप लागली, भाऊजींनी रुग्णवाहिका बोलावली, दवाखान्यात कुणीतरी विचारलं "सगळं करायचं ना?" आणि भाऊजी म्हणाले, "सगळं करा." दहा-बारा दिवसांवर मुलीचं लग्न आलेला माणूस दुसरं काय म्हणणार, असं निरंजन मला नंतर समजावत होता. निरंजनला सगळ्यांची बाजू समजते. माणसाला सगळ्यांची बाजू समजायला लागली, की त्याची स्वतःची शोधून सापडत नाही.

*

आत एका वेळी एकालाच सोडत. रेवाला निरंजनकडे देऊन मी गेले.

नाना जागे होते. गुंगीचं औषध दुपारी कमी करत. दोन्ही मनगटं बँडेजच्या पट्टीनं पलंगाच्या कठड्याला बांधली होती.

"सिस्टर, हात का बांधलेत?"

"नळी ओढतात मावशी." सिस्टर माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी लहान असेल. पदरात बाळ असलं, की जगातल्या सगळ्या मुलींची आपण मावशी होतो. "नातेवाइकांना विचारूनच बांधलेत."

"मी बसलेय ना. एक सोडा."

तिनं उजवा सोडला. नानांनी तो हवेत धरला, बोटं हलवून बघितली, मग माझा तळहात ओढून त्यावर बोटानं लिहिलं. सावकाश, वळणदार. वरच्या रेघेसकट.

'कागद?'

"आहे माझ्याकडे," मी म्हटलं. "आजच देते."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. पण डोळ्यांच्या कडेनं पाणी येऊन कानाकडे चाललं होतं, आणि ते पुसायला त्यांनी मोकळा हात वापरला नाही. तो माझ्या हातातच ठेवला.

डॉक्टर नदाफांनी कागद दोनदा वाचला. बुटका, थकलेला माणूस, बोलताना चष्मा हातात धरणारा.

"कागद फार चांगला लिहिलाय," ते म्हणाले. "मी आजवर तीनच पाहिले. हा एकच असा, ज्यात काही विचारायला उरलेलं नाही."

"तोच धंदा होता त्यांचा."

"दवाखान्याच्या दोन समित्या बसतील. तीन-चार दिवस लागतात. आजार परतीचा नाही, हे त्यांनाही दिसेल. मग तुमची सही." त्यांनी दाराबाहेर मान केली. "पण ते बाहेरचे तयार आहेत का? कायद्यानं तुमची सही पुरते. पण कॉरिडॉरमध्ये भांडण झालं, तर समितीचे लोक पेन खाली ठेवतात."

नानांच्या दवाखान्यातही पेन विसरणारे होते तर.

बाहेर येऊन मी सांगितलं. भाऊजी रागावले नाहीत. रागवायला काहीतरी ठाम वाटावं लागतं. ते दुःखी झाले.

"अगं, मला का नकोय त्यांची सुटका? पण सुतक! दहा दिवस सुतक. केतकीचं लग्न मोडायचं का? हॉल, केटरर राहू दे, मुलाला पंचवीसला जर्मनीला जायचंय. शास्त्रच आडवं येतंय, त्याला मी काय करू?"

"शास्त्रच आहे," वहिनी म्हणाल्या.

"पंधरा-वीस दिवसांचाच प्रश्न आहे," निरंजन म्हणाला. "आणि त्यांना काही कळत नाहीये."

"कळतंय. त्यांनी कागद विचारला."

भाऊजींनी उजवा हात खिशात घातला. मला तेव्हा वाटलं, ती लाज आहे.

*

शनिवारी रेवाला पोटाशी बांधून, रिक्षा करून मी वेलणकर गुरुजींकडे गेले. आमच्या घरची सगळी कार्यं तेच करतात. केतकीचं लग्नही तेच लावणार होते. गुरुजी ओसरीवर बसून मोबाइलवर क्रिकेट बघत होते. मला बघून त्यांनी आवाज बंद केला, चित्र चालू ठेवलं.

मी सगळं सांगितलं. रेवा मधेच रडायला लागली, तेव्हा गुरुजींनी आतून बायकोला हाक मारली, मला आत बसवून रेवाला पाजून होईपर्यंत थांबले, आणि मी बाहेर आल्यावर बोलणं जिथं तुटलं होतं तिथूनच धरलं.

"सुतकाची अडचण कुणी काढली?"

"भाऊजींनी. शास्त्र म्हणाले."

"शास्त्राला काय करता, ते बिचारं कुणालाही काहीही म्हणू देतं." त्यांनी पान जुळवायला घेतलं. "नांदीश्राद्ध झालं, देवक बसलं, की कार्य सुरू झालं. एकदा कार्य सुरू झालं, की मग त्या कार्याला सुतक लागत नाही. आणि लग्नाची नांदी दहा दिवस आधीसुद्धा करता येते. आजोबांच्या बाबतीत दोन मतं आहेत, नाही असं नाही, पण अशी दोन लग्नं मी स्वतः लावली आहेत. जोडपी सुखात आहेत. एक पुण्याला आहे."

"म्हणजे नांदी उद्या केली तर..."

"उद्या करा, परवा करा. अग्नी धाकट्यानं द्यावा. पुढचे दिवस त्यानं करावेत. थोरल्यानं कन्यादान करावं. वाट आहे की." पान तोंडात टाकून ते जरासे घुटमळले. "पण शाल्मलीवहिनी, हे तुम्ही मला पुन्हा का विचारताय?"

"पुन्हा म्हणजे?"

"श्रीनिवासला मी मंगळवारीच सांगितलंय हे सगळं. फोनवर. त्यानं नांदीची यादीसुद्धा लिहून घेतली."

मला रिक्षा मिळेना. मी तशीच चालत निघाले. रेवा पोटाशी झोपली होती, तिच्या टाळूला घाम आला होता, आणि मी तिच्यावर पदर धरून मोठ्यानं हसत होते. समोरून येणारी एक बाई बाजूला झाली.

*

भाऊजींच्या घरी रुखवत मांडून बघणं चाललं होतं. साखरेचं तुळशीवृंदावन, लोकरीचे ससे, काचेच्या डबीत एक इंचाचा संसार. वहिनी सशांचे कान ताठ करत होत्या. निरंजन दिव्यांची माळ लावून बघत होता. केतकी खिडकीत बसून मोबाइलवर होणाऱ्या नवऱ्याशी बोलत होती.

"गुरुजींकडे जाऊन आले," मी म्हटलं.

भाऊजींनी माझ्याकडे न बघता वृंदावन इंचभर सरकवलं.

"मंगळवारी सांगितलं होतं त्यांनी तुम्हाला. यादीसुद्धा दिली."

"हो, बोलले होते काहीतरी."

"मग शास्त्र कुठं आडवं आलं?"

"अगं, शास्त्र म्हणजे फक्त पोथी का?" वहिनी मधे पडल्या. "व्याही काय म्हणतील? घरात मयत होऊन चार दिवस नाहीत, आणि आम्ही शालू नेसून मिरवायचं? फोटोत दिसतं गं सगळं."

"आणि नाना हात बांधून पडलेत, ते फोटोत दिसत नाही."

"शाल्मली, हळू," निरंजन म्हणाला.

"तू माळ लाव."

भाऊजी खाली बसले. सशांच्या शेजारी, जमिनीवरच. साठीला आलेला माणूस, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला. त्याच्यासारखा अवघडून बसलेला माणूस मी त्याआधी शाळेच्या वर्गाबाहेरच पाहिला होता.

"मी हो म्हटलं, की मी मारलं असं होतं," ते म्हणाले. "लग्न झाल्यावर कदाचित आपोआपच... म्हणजे कुणी हो म्हणायलाच लागणार नाही, असं मला वाटत होतं."

"पण हो तुम्ही म्हणायचंच नाहीये! मी म्हणायचंय. त्यांनी तसं लिहून ठेवलंय. तुम्ही फक्त कॉरिडॉरमध्ये गप्प बसायचंय. तेवढं तर जन्मभर जमलंय तुम्हाला. त्यांनी माझ्या हातावर लिहिलं, भाऊजी. कागद विचारला."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"माझ्याही हातावर लिहिलं होतं. तुझ्या आदल्या दिवशी. दोनदा." त्यांनी उजवा तळहात मांडीवर उलटा करून ठेवला. "मला ते बघवेना. मी सिस्टरना म्हटलं, नळी ओढतील, हात बांधा."

खोलीत माळेचे दिवे लागत होते, विझत होते. निरंजनला ती बंद करायचं सुचत नव्हतं.

केतकीनं फोन कानापासून काढला. ती चोवीस वर्षांची होती, आणि त्या घरातल्या माणसांना ती कुठून झाली हे मला कधी कळलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "उद्या सकाळी नांदी करा. नाहीतर मी बोहल्यावर उभी राहत नाही. व्याह्यांना मी सांगते. आत्ता त्यांच्याच घरी बोलत होते मी. त्यांनी सगळं ऐकलंय."

वहिनी सोफ्यावर बसल्या. त्यांच्याखाली एक ससा आला.

*

रविवारी सकाळी देवक बसलं. भाऊजींनी पीतांबर नेसून सगळं यथासांग केलं, आणि गुरुजींनी मला नजरेनंच 'झालं' म्हणून खूण केली. सोमवारी दोन्ही समित्यांचे होकार आले. दुपारी डॉक्टर नदाफांनी मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं, फॉर्म पुढे केला, आणि मी सही केली.  नानांच्या अक्षराशेजारी माझं अक्षर बावळट दिसत होतं, एवढंच मनात आलं.

बुधवारी सकाळी अकराला नळी काढली. त्यांना धाप लागू नये म्हणून आधी औषध दिलं होतं. तसे ते शांतच होते. दोन्ही मुलगे आत आले, पाया पडले, आणि बाहेर गेले. पुढे दोन तास मी एकटी होते. कापसाच्या बोळ्यानं मी त्यांचे ओठ ओले करत होते, जसे मी रोज रेवाचे डोळे पुसत असे, आतून बाहेर, हलक्या हातानं. एकच्या सुमाराला श्वास लांबत गेला आणि पुढचा आला नाही. मी खूप वेळ पुढच्याची वाट बघत बसले होते. सिस्टरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं.

सोळाला केतकीचं लग्न झालं. भाऊजी प्रत्येक पंगतीत हात जोडून फिरत होते, आणि मी माझ्या कानांनी ऐकलं: "नानांची इच्छा होती हो, त्यांना यंत्रावर ठेवू नये अशी. आम्ही ती पाळली. कठीण गेलं, पण पाळली." लोक त्यांचे हात हातात घेत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डोळे पुसले आणि म्हणाले, असे मुलगे मिळायला पुण्य लागतं. वहिनींनी मान लववून तेही स्वीकारलं. निरंजन क्षौर करून, वेगळं सुतक पाळत घरी बसला होता, म्हणून ही मजा त्याची हुकली.

तेव्हापासून मी या माणसांना मनातून उतरवलं. सणावाराला जाते, वाढते, हसते. भाऊजींनी रेवाला उचलून घेतलं, की मला त्यांचे तळहात दिसतात. निरंजनला मी कधीतरी म्हणाले, तुम्ही दोघं भाऊ एका माणसाचं मरणसुद्धा नीट हातात घेऊ शकला नाहीत. तो म्हणाला, खरं आहे. त्याला माझीही बाजू समजते.

रेवा आता शाळेत जाते, आणि ती गेल्यावर, तिचा धाकटा भाऊ उठायच्या आत, मला जो तास मिळतो त्यात मी हे लिहिलं. इथपर्यंत लिहून मी चार दिवस थांबले होते.

कारण नांदी रविवारी झाली होती, आणि होकार सोमवारी आले होते.

सोमवारी मी सही केल्यावर डॉक्टर नदाफ म्हणाले, "मग उद्या सकाळी करू या? उशीर करण्यात अर्थ नाही. त्यांना त्रास होतोय."

मी म्हटलं, "परवा."

त्यांनी कारण विचारलं नाही. मी द्यायला लागले असते, तर मला सापडलं नसतं. मंगळवारी रेवाला काही नव्हतं, घरात काही नव्हतं, कॅलेंडरवर काही नव्हतं. डॉक्टरांनी चष्मा लावला, तारीख लिहिली आणि कागद फिरवून मला दाखवला, बरोबर आहे ना म्हणून.

मंगळवारी दुपारी मी आत गेले तेव्हा नाना जागे होते. त्यांना माहीत होतं. समितीच्या लोकांनी त्यांना विचारलं होतं, आणि त्यांनी मान हलवून दिलेला होकार फाइलमध्ये लिहिलेला होता. ते माझ्याकडे बघत राहिले, कचेरीसमोर पक्षकार उशिरा आला की बघायचे तसे: रागानं नाही, नुसतं 'चला, करू या ना?' असं.

"आज डॉक्टर नाहीत, नाना," मी म्हटलं.

त्यांची नजर माझ्यावरून निघून माझ्या मागे गेली. मी वळून पाहिलं. काचेच्या पलीकडे डॉक्टर नदाफ उभे होते, चष्मा हातात धरून, सिस्टरशी बोलत.